गेम संपला तरी धून संपत नाही

मुलांच्या कानातल्या हेडफोनमध्ये नेहमी चित्रपटगीतेच असतात असे समजू नका. व्हिडिओ गेमचे संगीत आता गेमपासून वेगळे होऊन घराघरात वाजू लागले आहे. ते रचणारे कोण आहेत? त्यांना नाव आणि दाम मिळते का?

जबलपूरच्या राइट टाऊन, नेपियर टाऊन किंवा गोलबाजार भागातल्या एखाद्या मराठी घरात संध्याकाळी सातच्या सुमारास गेलात, तर एक दृश्य दिसण्याची बरीच शक्यता आहे. टेबलावर अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडे, शेजारी वही, मुलाच्या कानात हेडफोन आणि मान हलकेच डोलते आहे. आई स्वयंपाकघरातून विचारते, ‘‘अरे, अभ्यास चाललाय की गेम?’’

मुलगा एका कानातला हेडफोन काढून म्हणतो, ‘‘खेळत नाहीये गं आई, फक्त म्यूझिक लावलंय.’’

आईचा विश्वास बसत नाही. पण तोच हेडफोन आपल्या कानाला लावून पाहिला, तर पियानोचे सावकाश, अंतर ठेवून पडणारे स्वर ऐकू येतात. शब्द नाहीत, ढणढणाट नाही, बंदुकीचे आवाज तर नाहीतच. मोबाइलच्या पडद्यावर कलाकाराचे नाव दिसते: सी ४१८.

नाव कसले, रेल्वेच्या डब्याचा क्रमांकच वाटावा! पण हे डॅनिएल रोझेनफेल्ड या जर्मन तरुणाचे टोपणनाव आहे. ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळे रचून जग उभे करण्याच्या खेळाचे सुरुवातीचे संगीत त्याचे आहे. २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यातल्या धुनांचा पहिला अल्बम रोझेनफेल्डने २०११ मध्ये स्वतःच काढला आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२५ मध्ये तो जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतला. त्याच वर्षी त्या यादीत ब्रायन ईनो यांनी रचलेली ‘विंडोज ९५’ सुरू होतानाची छोटीशी धूनही गेली. सायबर कॅफेच्या काळात ती आपण सर्वांनीच ऐकली आहे, पण तिचा कर्ता कोण हे कधी विचारले नाही.

खेळ बंद आहे आणि संगीत चालू आहे, ही गोष्ट नवी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये जिओ म्यूझिक आणि सावन एकत्र येऊन जिओसावन झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात यूट्यूब म्यूझिक. एके काळी गेमचे संगीत ऐकायचे तर बहुधा जपानहून सीडी मागवावी लागे. जबलपूरच्या सदर बाजारात ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आता लता मंगेशकर, भीमसेन जोशी आणि ‘फायनल फँटसी’चे नोबुओ उएमात्सु एकाच शोधपट्टीत सापडतात.

‘टुंई टुंई’च्या मागे कोण होते?

आज चाळिशीत असलेल्या वाचकांना १९९०च्या दशकातले ते डबे आठवत असतील. टीव्हीच्या मागे वायर खुपसायची, ‘हजार खेळ एकात’ अशी बढाई मारणारी पिवळी कॅसेट खोचायची आणि ‘मारिओ’ किंवा ‘काँट्रा’ सुरू करायचा. घरातले मोठे त्या आवाजाला ‘टुंई टुंई’ म्हणत आणि ‘बंद करा ते’ असे ओरडत. ते ओरडणे अगदीच चुकीचे होते असे नाही. निन्टेंडोच्या ज्या यंत्राची ती डबे नक्कल होती, त्यातली चिप एका वेळी फक्त ५ आवाज काढू शके. दोन चालीसाठी, एक खर्जासाठी, एक ताशासारख्या खरखरीसाठी आणि पाचवा एखाद्या छोट्या मुद्रित ध्वनीसाठी. त्यातही मारिओने उडी मारली की उडीचा आवाज एक जागा अडवून बसे आणि चालीतला तेवढा भाग गायब होई.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची चाल बांधली. गेमच्या संगीतातून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या त्या यादीत सर्वांत आधी, २०२३ मध्ये, तीच गेली. ती चाल जगातल्या कोट्यवधी लोकांना पाठ आहे. कोंडोंचे नाव मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

नाव ठाऊक नसण्याला आणखी एक कारण होते. त्या काळात अनेक जपानी कंपन्या आपल्या संगीतकारांची खरी नावे पडद्यावर येऊ देत नसत. प्रतिस्पर्धी कंपनी आपला माणूस पळवील ही भीती! १९८६ मध्ये ‘कासलवेनिया’ या भुताखेतांच्या खेळाचे संगीत किनुयो यामाशिता या नुकतेच शिक्षण संपवलेल्या तरुणीने केले. पडद्यावर तिचे नाव आले ‘जेम्स बनाना’. भयपटांना संगीत देणारे ब्रिटिश संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरची ही कोटी होती. पुढच्या वर्षी ‘मेगा मॅन’च्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांच्या बाबतीतही तेच झाले, त्या ‘चानचाकोरिन मानामी’ झाल्या. त्या पिढीत संगीत रचणाऱ्या कितीतरी जणी स्त्रिया होत्या, हे खेळणाऱ्यांना कळले ते फार उशिरा.

आपल्याकडच्या परंपरेशी हे ताडून पाहा. अठराव्या शतकात नियामत खाँ यांनी ख्याल रचले, तेव्हा ‘सदारंग’ ही मुद्रा बंदिशीच्या शब्दांतच गुंफली. गाणारा कोणीही असो, बंदिश गायची तर कर्त्याचे नाव घ्यावेच लागते. विष्णू नारायण भातखंडे यांनीही ‘चतुर’ हे टोपणनाव घेतले, पण ते त्यांनी स्वतः निवडलेले होते. गेममधल्या मुलींना टोपणनाव चिकटवले जाई ते त्या ओळखू येऊ नयेत म्हणून.

अर्थात आपणही फार बढाई मारू नये. आकाशवाणीची सकाळची ओळखधून पिढ्यान्पिढ्या आपल्या घरांत वाजली. ती वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराने १९३६ मध्ये रचली, हे किती घरांत माहीत होते? हिंदी चित्रपटसंगीतात संगीत दिग्दर्शकाचे नाव तबकडीवर येई, पण वाद्यमेळाची बांधणी करणारे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस लोकांना कळले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी त्यांचे नाव गाण्यात घातले म्हणून! आणि तरीही अनेकांना ते एका पात्राचे गमतीदार नाव वाटले.

हा तर लेहरा!

गेमचे संगीत चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखेच असते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चित्रपटातला प्रसंग किती मिनिटांचा आहे हे संगीतकाराला आधीच माहीत असते. गेममध्ये खेळणारा एका दारासमोर वीस सेकंद थांबेल की वीस मिनिटे, हे कोणीच सांगू शकत नाही. तितका वेळ धून फिरत राहिली पाहिजे, तिचा सांधा कानाला जाणवता कामा नये आणि मुख्य म्हणजे तिचा कंटाळा येता कामा नये.

तबल्याच्या वर्गाला जाणाऱ्या कोणत्याही मुलाला हे पटकन समजेल. जबलपूरच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात असो की गल्लीतल्या एखाद्या खासगी वर्गात, तबल्याचे एकल वादन चालू असते तेव्हा शेजारी हार्मोनियमवर कोणीतरी लेहरा धरलेला असतो. त्रितालाच्या १६ मात्रांत बसणारी एक छोटी चाल. ती अर्धा तास, पाऊण तास तशीच फिरत राहते. तबलजी कायदे, रेले, तुकडे वाजवतो, टाळ्या घेतो. लेहरा धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. पण तो चुकला तर समच हरवते. उत्तम लेहरा तो, जो ऐकणाऱ्याचे लक्ष तबल्यावर ठेवतो आणि तरीही मनात रेंगाळतो.

गेमचा संगीतकार हाच लेहरा धरून बसलेला असतो. फरक इतका, की त्याच्यासमोरचा वादक म्हणजे खेळणारा मुलगा, आणि तो कधी काय करील याचा नेम नसतो. म्हणून लेहऱ्यालाच शहाणे करावे लागते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये वेळ संपत आली की चाल जास्त घाईने पळू लागते. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये मारिओ योशी नावाच्या डायनासोरच्या पाठीवर बसला की त्याच चालीत तालवाद्ये येऊन मिळतात, उतरला की ती गप्प होतात. आताच्या मोठ्या खेळांत एकाच धुनेचे अनेक थर वेगवेगळे मुद्रित केलेले असतात. शत्रू दूर असताना एकटे तंतुवाद्य, जवळ आला की नगारे, संकट टळले की पुन्हा शांत. कसलेल्या साथीदाराप्रमाणे संगीत खेळणाऱ्याच्या पावलांवर नजर ठेवून असते.

आता कळेल, अभ्यासाच्या टेबलावर हे संगीत का आले. ज्या धुनेची घडणच मुळी ‘लक्ष दुसरीकडे राहू दे, पण कान रिकामा नको’ या हिशेबाने झाली आहे, ती गणिते सोडवताना, भाजी निवडताना, रात्रपाळीच्या कामात सोबतीला सोयीची वाटणारच. शब्द नसल्याने भाषेची अडचण नाही. याने परीक्षेतले गुण वाढतात असे मात्र मानू नका. तसे आश्वासन देणारे व्हिडिओ बरेच सापडतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष केलेले बरे.

सगळेच गेम-संगीत असे शांत असते असेही नाही. अमेरिकेच्या टोबी फॉक्स यांनी २०१५ मध्ये ‘अंडरटेल’ हा खेळ बनवला आणि त्याचे संगीतही स्वतःच केले. त्यातली ‘मेगालोव्हेनिया’ ही धून चांगलीच तडफदार आहे. जानेवारी २०२२ मध्ये व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलावंतांनी कसरती केल्या, तेव्हा चक्क हीच धून वाजत होती! आणि जबलपूरच्या गल्लीबोळांत ज्या ‘पब्जी’ने मुलांना वेड लावले होते, त्या मूळ खेळाची मुख्य धून टॉम साल्टा या अमेरिकन संगीतकाराची आहे. भारतात ‘पब्जी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पण ती धून काही मुलांच्या डोक्यातून गेली नाही.

घरच्यांची नाराजी

या साऱ्या कहाणीत आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती योको शिमोमुरा यांची. कारण ती अगदी आपल्या घरात घडावी तशी आहे.

त्या १९६७ साली जपानच्या ह्योगो प्रांतात जन्मल्या. ओसाकाच्या संगीत महाविद्यालयात पियानो शिकून १९८८ मध्ये पदवी घेतली. पियानोच्या शिक्षिकेची नोकरी समोर होती. चारचौघांत सांगण्याजोगी, सुरक्षित नोकरी! पण योको यांना व्हिडिओ गेमचे वेड होते. त्यांनी कॅपकॉम या गेम कंपनीत अर्ज केला आणि त्यांची निवडही झाली. शिक्षक आणि घरचे नाराज झाले. एवढी फी भरून महागड्या महाविद्यालयात शास्त्रशुद्ध पियानो शिकवला, तो काय मुलांच्या खेळण्यांसाठी?

हा प्रश्न आपल्या कानाला अनोळखी आहे का? ‘विशारद केलंस ते यासाठी?’ असे किती घरांत म्हटले जाते!

१९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि जगभर गाजला. त्यातले जवळजवळ सगळे संगीत शिमोमुरा यांचे आहे. प्रत्येक लढवय्याचा देश वेगळा आणि त्याची धूनही वेगळी. त्यात धालसिम नावाचा एक भारतीय योगी आहे. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, मागे हत्ती. भारताचे ते चित्र पाहून हसावे की चिडावे कळत नाही. पण तिशीच्या आतली एक जपानी मुलगी चिपमधल्या मोजक्या आवाजांत ‘भारत’ उभा करू पाहते, तेव्हा काय ऐकू येते, हे जिज्ञासूंनी एकदा ऐकून पाहावे.

पुढे शिमोमुरा स्क्वेअर या कंपनीत गेल्या. २००२ चा ‘किंगडम हार्ट्‌स’ त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात निरनिराळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले, तेव्हा संचलनाला बँडचे नेहमीचे संगीत नव्हते. जपानी व्हिडिओ गेमच्या धुना होत्या आणि त्यांत शिमोमुरांच्याही होत्या. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने त्यांना आपली फेलोशिप दिली. हा त्या संस्थेचा सर्वोच्च सन्मान आहे. पियानोचा वर्ग सोडून खेळण्यांकडे गेलेल्या मुलीला तो मिळायला ३७ वर्षे लागली.

नोबुओ उएमात्सु तर कोणत्याच महाविद्यालयात संगीत शिकले नाहीत. टोकियोत संगीताच्या रेकॉर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करत असताना स्क्वेअरमधल्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांना विचारले, ‘आमच्या खेळांना संगीत देशील का?’ १९८७ पासून ‘फायनल फँटसी’ची मालिका त्यांनी स्वरांनी भरली. २०१३ मध्ये ब्रिटनच्या क्लासिक एफएम रेडिओने श्रोत्यांची मते मागवली, तेव्हा पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या दिग्गजांच्या यादीत हे संगीत तिसऱ्या क्रमांकावर आले. बऱ्याच जाणकारांच्या भुवया उंचावल्या, पण मते ती मते.

गेमच्या संगीताला ग्रॅमी मिळवून देणारे पहिले संगीतकार क्रिस्टोफर टिन. २००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’ साठी त्यांनी स्वाहिली भाषेत ‘बाबा येतू’ ही प्रार्थना बांधली आणि २०११ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. पण ते मिळाले टिन यांच्या स्वतंत्र अल्बममधून. गेमसाठी वेगळा पुरस्कार तेव्हा नव्हताच. जाता जाता सांगायला हवे, की त्या अल्बममध्ये भगवद्‌गीतेतल्या संस्कृत श्लोकावरचीही एक रचना आहे. गेमच्या संगीताचा स्वतंत्र ग्रॅमी २०२३ मध्ये सुरू झाला. पहिला मान स्टेफनी इकॉनोमू यांना मिळाला, २०२५ चा विनिफ्रेड फिलिप्स यांना. दोघीही स्त्रिया आणि दोघीही स्वतःच्या खऱ्या नावाने.

नाव कोणाचे, पैसा कोणाचा?

इथवर सारे गोड आहे. आता व्यवहाराचे बोलू.

स्ट्रीमिंग म्हणजे काय? गाणे विकत घ्यायचे नाही, हवे तेव्हा इंटरनेटवरून वाजवायचे. वर्गणी आणि जाहिराती यांतून जमलेल्या रकमेचा मोठा हिस्सा, कोणाचे गाणे किती वेळा वाजले त्या प्रमाणात, हक्कदारांना जातो. गाणे वाजवणारा मुलगा समजतो, की पैसे संगीतकाराला मिळाले. पण हक्कदार म्हणजे संगीतकारच असे नाही. गेमचे संगीत बहुतेक वेळा ठरावीक मोबदला देऊन करून घेतलेले असते आणि त्याची मालकी कंपनीकडे जाते. धून दहा लाख वेळा वाजली तरी संगीतकाराच्या हातात नंतर काहीच पडत नाही, असे करार सर्रास होतात.

ज्यांनी मालकी सोडली नाही त्यांची गोष्ट वेगळी. जपानचे कोइची सुगियामा दूरदर्शनसाठी संगीत देणारे नावाजलेले संगीतकार होते. एका गेमबद्दल आपले मत कळवणारे कार्ड त्यांनी एनिक्स कंपनीला पाठवले आणि त्यातून पन्नाशी उलटल्यावर त्यांना ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे काम मिळाले. १९८७ मध्येच त्यांनी त्या संगीताची मैफल टोकियोच्या सभागृहात वाद्यवृंदासह घडवून आणली. संगीताचे हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले. टोकियो ऑलिंपिकच्या त्या संचलनाची सुरुवातही त्यांच्याच धुनेने झाली. माइनक्राफ्टच्या रोझेनफेल्डनेही आपल्या सुरुवातीच्या अल्बमांचे हक्क सोडले नाहीत. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो खेळ बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली, तरी ती पियानोची धून त्याची राहिली.

नावाचा प्रश्नही पूर्ण सुटलेला नाही. निन्टेंडोने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सभासदांसाठी संगीताचे स्वतंत्र ॲप काढले. त्यात एखादी धून तासाभरापर्यंत लांबवता येते, म्हणजे लेहऱ्याची सोय झाली! पण ॲप आले तेव्हा त्यात संगीतकारांची नावेच दिलेली नव्हती. कोजी कोंडोंच्या स्वतःच्या कंपनीत, स्वतःच्या चालीवर, त्यांचे नाव नाही. चाहत्यांनी त्यावर टीका केली आणि ती रास्तच होती.

भारतात कायदा संगीतकाराच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे, पण तो वाचतो कोण? २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गीत-संगीताच्या रॉयल्टीतला आपला निम्मा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर यांनी संसदेत आणि बाहेर मोठी लढाई दिली. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी ‘हो’ म्हणून चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचा. नोकरीत असताना केलेले काम मात्र, वेगळे काही ठरले नसेल तर, मालकाचे. आणि हक्क विकल्यानंतरही ‘ही माझी रचना आहे’ असे सांगण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ५७ नुसार रचनाकाराकडेच राहतो. तेव्हा बारावीतल्या तुमच्या मुलीने कोणाच्या गेमसाठी पहिली धून केली, तर शाबासकी देण्याआधी कागद मागा.

स्वतःची धून स्वतः ॲपवर चढवणेही आता अवघड राहिलेले नाही. मध्यस्थ कंपन्या थोड्या शुल्कात ते करतात. मात्र स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे, की वर्षभरात एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळणार नाहीत. हौशी मुलांनी या कमाईवर मोटरसायकलचे हप्ते बांधू नयेत.

आपल्या मुलांसाठी काय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये काढला. सर्कशीत काम करणारी राजी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते. तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू आहेत. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी जमवण्याचा प्रयत्न फसला होता, तरी पुण्याच्या या मंडळींनी खेळ पुरा केला. त्याचे संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केले आहे. त्यात भारतीय वाद्ये आहेत आणि काम चांगले झाले आहे, तक्रार नाही. पण घरोघरी पेटी-तबला असलेल्या या देशात पुराणकथेच्या खेळाला संगीत द्यायला आपलाच कोणी तयार असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

परदेशातल्या आपल्या लोकांनी वाट दाखवली आहे. कॅनडात टोरांटोच्या छोट्या चमूने २०२३ मध्ये ‘वेण्बा’ हा खेळ केला. परक्या देशात गेलेली एक तमिळ आई, तिचा हळूहळू तमिळ विसरत चाललेला मुलगा आणि फाटक्या वहीतल्या इडली-बिर्याणीच्या पाककृती. स्वयंपाक करताना ओट्यावरच्या रेडिओवर तमिळ चित्रपटसंगीताच्या वळणाची गाणी वाजतात. पदार्पणातला सर्वोत्तम खेळ म्हणून बाफ्टाने २०२४ मध्ये त्याला गौरवले. जबलपूरच्या मराठी घरात, जिथे आजी पुरणपोळी शिकवते मराठीत आणि नातू उत्तर देतो हिंदीत, तिथे ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

जबलपूरजवळ तर स्वरांची खाणच आहे. भेडाघाटच्या धुवाँधारचा गंभीर नाद, मंडला-डिंडोरीकडच्या गोंड-बैगा वस्त्यांतला मांदर, बुंदेलखंडाचे आल्हा गायन. लंडन किंवा ओसाकाच्या संगीतकाराला हे सहजी मिळणारे नाही. इथल्या मुलाला एका रविवारी रेकॉर्डर घेऊन जाता येते.

शिकायचे काय? ताल आणि स्वराचा पाया तर हवाच, मग तो तबल्यातून येवो की पियानोतून. त्यावर संगणकावर ध्वनिमुद्रण आणि मिश्रण. आणि एफमॉड किंवा वाइज यांसारखी सॉफ्टवेअर, ज्यांनी धून गेमला जोडली जाते. छोट्या कामांसाठी ती मोफत मिळतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरणे आणली आहेत, पण धोरणाच्या भरवशावर नोकरी सोडून कोणी बसू नये. हा अनिश्चित धंदा आहे. किरकोळ पार्श्वसंगीत आता संगणकच बनवू लागला आहे आणि नवख्यांची कामे त्यानेच आधी जातील.

गेम म्हटले की जुगार, असा एक समज काही घरांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. माइनक्राफ्ट किंवा ‘राजी’ त्यात येत नाहीत आणि त्यांचे संगीत तर नाहीच नाही.

तेव्हा आज संध्याकाळी मुलाच्या किंवा मुलीच्या कानात जे वाजत असेल, ते एकदा पूर्ण ऐका. मग स्पॉटिफायवर त्या धुनेशेजारी असलेल्या तीन टिंबांवर बोट ठेवा. तिथे श्रेयनामावलीचा पर्याय दिसेल. कोणी रचली, कोणी वाजवली, कोणी काढली, हे त्यात लिहिलेले असते. नाव वाचायला जड गेले, तर ते कसे उच्चारायचे हे मुलालाच विचारा.